उलटे कोष्टक

जो उभा राहिला की आकाश होतो आणि आडवा झाला की धरणी होतो, त्या श्रीहरीला आधी नमस्कार.

“…मग तो चोर नव्हे तर काय, महाराज?” धुंडिराजाने विचारले.

अच्युतबुवा चार महिन्यांनी तीर्थाहून मठात परतले होते. पायांची धूळही अजून धुतली नव्हती.

जाताना त्यांनी आपल्या दोन शिष्यांना मिळून एक शिडी दिली होती, एकशेवीस अंगुळे लांब. ती भिंतीला टेकवायची आणि पायथ्याचा कोन पंधरा-पंधरा अंशांनी वाढवत न्यायचा. शिडी भिंतीवर किती उंच पोचली, ती उंची म्हणजे ‘ज्या’. तिचे कोष्टक धुंडिराजाने करायचे. पायथा भिंतीपासून किती दूर राहिला, ते अंतर म्हणजे ‘कोज्या’. तिचे कोष्टक भिवाने.

धुंडिराज शास्त्र्यांच्या घरचा. भिवा सुताराचा.

“माझे आकडे पाहा,” धुंडिराजाने दोन कागद पुढे सरकवले. “एकतीस, साठ, पंच्याऐंशी, एकशेचार, एकशेसोळा. आणि त्याचे? एकशेसोळा, एकशेचार, पंच्याऐंशी, साठ, एकतीस! चोरी उमगू नये म्हणून खालून वर उतरवले. रंधा मारणाऱ्याची अक्कल ती.”

“तू काय केलंस?”

“सर्वांसमक्ष चोर म्हटलं. त्यानं आपला सुतारी गुण्या उचलला आणि चालता झाला. खरा असता तर एक शब्द बोलला नसता?”

बुवा उठले. शिडी त्यांनी भिंतीला लावली, जवळजवळ निजवलीच.

“पायथ्याशी कोन किती?”

“पंधरा.”

“भिंतीवर उंची?”

“एकतीस.”

“आता शिडीच्या शेंड्याशी जाऊन बसलास, तर तिथला कोन?”

“पंचाहत्तर. दोन्ही मिळून नव्वदच भरायचे, महाराज. हे काय विचारणं झालं?”

“खाली बसणाऱ्याची जी उंची, ती वर बसणाऱ्याचं काय?”

धुंडिराजाने शेंड्याकडे पाहिले. मग पायथ्याकडे.

“…अंतर.”

“पंचाहत्तरांची कोज्या भिवानं काय लिहिली आहे?”

कागद पाहावा लागला नाही.

“एकतीस.”

“‘कोज्या’ शब्दाची फोड कर.”

“कोटीची ज्या. कोटी म्हणजे… नव्वद भरायला जो कोन उणा पडतो, तो.”

“हे ठाऊक नव्हतं?”

“पाठ होतं, महाराज.”

…

“मी आत्ता निघतो,” धुंडिराज म्हणाला. “पाय धरतो त्याचे. कोणत्या गावी असेल तो?”

बुवांनी झोळीतून एक लाकडी गुण्या काढला. सुतार काटकोन तपासतात तो. हाताळून हाताळून काळा पडलेला.

“घाटाखालच्या धर्मशाळेत गाठ पडली. ज्वरानं फणफणला होता. तीन दिवस मी उशाशी होतो. चौथ्या पहाटे त्यानं डोळे मिटले.”

गुण्या धुंडिराजाच्या हातात आला. त्याचा कोन अजून रेसभरही ढळला नव्हता.

“काही… माझ्याविषयी बोलला?”

“म्हणाला, आकडे जुळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.”

धुंडिराज खाली बसला.

“प्रायश्चित्त सांगा, महाराज.”

“शिडी घे. अंगणाच्या मधोमध नेऊन उभी कर.”

धुंडिराजाने ती खांद्यावर घेतली, नेली, उभी केली. ती डावीकडे कलली, त्याने सावरली. उजवीकडे कलली, पुन्हा सावरली. चहूकडे मोकळे आकाश होते.

“महाराज…” त्याने शिडी छातीशी कवटाळली. “ही टेकवू कशाला?”

बुवा पाय धुवायला वळले होते. वळता वळता म्हणाले,

“भिंत होती तोवर नाही; आज विचारलंस.”

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या घरच्या शिडीला भिंत लाभो आणि भिंतीला शिडी. श्रीहरी त्या सर्वांचे, त्यांच्या लेकराबाळांचे आणि त्यांच्या दारावरून अबोलपणे निघून गेलेल्यांचेही कल्याण करो.