दादाचं सामान

"दादाचं सामान कुठं आहे?"

सोमगिरबाबा मठाच्या ओट्यावर सुपात डाळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू धाकटा ना? रंगनाथ?"

"हो. पायथ्याला टेम्पो उभा केलाय. सामान दाखवा."

माझा थोरला भाऊ सावळाराम बारा वर्षं या डोंगरावर बाबांजवळ राहिला. इथंच तापानं गेला. निरोप मला सहा दिवसांनी मिळाला. मिळाला तसा निघालो, पायांत चप्पल घालायचीही राहिली.

"टेम्पो आणलास," बाबा म्हणाले. "मोठी गाडी असते ती."

"बारा वर्षांचं सामान असेल."

"घोंगडी, काठी, तांब्या. तिसऱ्या दिवशी देऊन टाकलं."

"देऊन टाकलं?"

"इथली रीत आहे. गेलेल्याची वस्तू, ज्याच्याकडं ती नाही त्याला द्यायची. घोंगडी एका धनगरणीला दिली. काठी लंगड्या गोसाव्याला..."

"मला विचारायचं नाही? मी सख्खा भाऊ आहे."

"काठी हवी होती तुला? पाय तर धड दिसतात."

माझं डोकं फिरलं.

"आणि मी पाठवलेलं? दर दिवाळीला दूधवाल्याच्या हाती काही ना काही पाठवलं मी. तेही वाटलंत?"

बाबा उठले. त्यांनी मागच्या खोलीचं दार ढकललं.

गादी. रेडिओ. कुकर. सगळं बांधलेलंच. सुतळीच्या गाठी माझ्या हातच्या, एकही सुटलेली नव्हती. कडेला पंख्याचं खोकं.

"एवढ्या उन्हाळ्यात पंखासुद्धा लावला नाही त्यानं?"

"कशावर लावणार? डोंगरावर वीज नाही."

"मला ठाऊक नव्हतं."

"नसणारच. तू वर कधी आलास?"

मी खोक्याला लाथ घातली. ते भिंतीवर आपटलं. बाबांनी ते सरळ केलं, वरची माती पुसली.

"जपून. तुझंच आहे. सावळा म्हणायचा, रंगाचं सामान आहे, येईल तेव्हा नेईल. तुझा टेम्पो रिकामा जायचा नाही."

मी तिथंच जमिनीवर बसलो.

"त्याला माझ्याकडून काहीच नको होतं का?"

"हवं होतं की. दर दिवाळीला दूधवाल्याला विचारायचा, रंगा आला नाही का."

मी डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"बाबा, हे सगळं कुणालाही द्या. मला त्याचं काहीतरी द्या. हातात धरता येईल असं. एवढंच मागतो."

बाबा आत गेले. दोन रिकाम्या घागरी घेऊन आले. एक माझ्या उजव्या हातात दिली, एक डाव्या.

"या दादाच्या?"

"मठाच्या."

"मग..."

"खिंडीत वाटसरूंसाठी रांजण आहे. रोज सावळा भरायचा. तो गेल्यापासून कोरडा आहे."

मी घागरींकडं बघत राहिलो. बाबा ओट्यावर जाऊन बसले आणि डाळीचं सूप पुढं ओढलं.

"झरा मठामागं आहे," ते म्हणाले. "अकरा खेपा लागतात."