गवारेबाईंच्या काचा

१४ डिसेंबर, रविवार. थंडी कडक, आकाश निरभ्र. आठ वाजता अंगणात ऊन आलं.

"सर, जाणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं?"

कुलगुरू टेंकाळे फाटकातून आले ते हेच विचारत. हिप्परगेसर बाजेवर ऊन खात बसले होते. टेंकाळे त्यांचे जुने विद्यार्थी, पुढे त्यांच्याच हाताखाली अधिव्याख्याते. मी शेजारी. सरांची नजर गेल्यापासून सकाळचा पेपर मी वाचून दाखवतो. उठू लागलो तर सरांनी हात धरून बसवलं.

"कोण जातंय?"

"वनस्पतिशास्त्राच्या गवारे. हैदराबादला निवड झालीय. ना-हरकत दाखला मागतायत, मी सही अडवून धरलीय. एक तारखेला रुजू झाल्या नाहीत तर ती जागा जाते."

"आणि झाल्या तर?"

"विभागात कायम शिक्षक एकच उरतो. संशोधन केंद्र बंद पडेल, सर. मी त्यांना वेगळी खोली दिली, एसी बसवून दिला, विभागप्रमुख करतो म्हटलं..."

"त्या काय म्हणाल्या?"

"दाखला द्या म्हणाल्या."

सर हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"शेवटी कळवलं," टेंकाळे म्हणाले, "की त्यांनी केलेल्या काचेच्या स्लाइड विद्यापीठाच्या आहेत, नेता येणार नाहीत. त्यावर मात्र रडल्या."

सरांचं हसू गेलं.

"बरं. समज, मी हैदराबादचा. बाईंना न्यावं की नाही, माझं ठरत नाहीये. काय करतात त्या?"

"पाचव्या आणि सहाव्या सत्राला..."

"ते नाही रे. काय करतात?"

"शेवाळांवर काम आहे."

"कुठल्या शेवाळांवर?"

"बारवांमधल्या," सरच म्हणाले. "वरच्या पायरीवरचं वेगळं, पाण्याजवळचं वेगळं. आपल्या गावच्या बारवेत उतरल्या की चहाला येतात माझ्याकडं. तू उतरलास कधी त्यांच्याबरोबर?"

"सर, कुलगुरूनं बारवेत उतरायचं म्हणजे..."

"पाय घसरतो. खरंय."

टेंकाळे बाजेच्या कडेवर टेकले.

"मी पुण्याला संशोधनाला निघालो, तेव्हा तुमच्या विभागातही दोनच माणसं होती. मला का नाही थांबवलंत?"

"पेटी नीट पोचली होती ना तुझी?"

टेंकाळे माझ्याकडे वळले. आवाज उतरला होता. "स्वतःच्या स्लाइडची पेटी दिली होती यांनी मला. एकेक काच जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळून. पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर आले. कंडक्टर म्हणाला, हमाली ठरवलीत का आधी?"

"आठ आणे मागितले मी," सर म्हणाले. "यानं दिले नाहीत अजून."

"चार वर्षांनी ती पेटी द्यायला आलो, सर."

"आणि राहिलास."

"तेव्हाच थांबवलं असतंत, तरी राहिलोच असतो की."

"थांबवलं असतं, तर परत कुठून आला असतास?"

सर मला म्हणाले, "दिनकरराव, आतून माझं जुनं धोतर आणा."

मी आणलं. सरांनी काठ चाचपला, दातांनी जरा फाडला आणि एक टोक टेंकाळ्यांसमोर धरलं.

"ओढ. चार बोटं रुंद हवी पट्टी."

टेंकाळ्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि टोक धरलं. धोतर संपेपर्यंत दोघं पट्ट्या फाडत राहिले.

१ जानेवारी, गुरुवार. थंडी कमी, सकाळी धुकं.

गवारेबाईंना दाखला सोळा तारखेला मिळाला. स्टेशनवर काचांच्या पेट्या टेंकाळ्यांनी चढवून दिल्या. आज साडेअकराला बाईंचा फोन आला, रुजू झाल्या. मी सरांना सांगितलं.

"आणि काचा?" सरांनी विचारलं.

एकही फुटली नाही.