पेवाची हमी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एक राजा होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि सांगितलं असतं तरी तुम्ही काय करणार होता? गप ऐका.

त्या राज्यात लोक आपली ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीखालचा खोल खड्डा. आत कडबा लावायचा, धान्य ओतायचं, तोंडावर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. राखायला पेववाला असे, त्याला राखणीचा वाटा मिळे. एका साली दोन पेवांतलं धान्य कुजलं आणि लोक हादरले. तेव्हा राजानं दवंडी पिटली, "पेव नासलं तर भरपाई माझ्या कोठारातून. हमी दोन वर्षं."

ती दोन वर्षं आज दिवस मावळताना संपत होती, आणि आभाळ काळंकुट्ट भरून आलं होतं. लोक पहारी घेऊन पेवांवर उभे. हमी गेली की शिळा उचलायच्या! पावसात तोंडं उघडली तर चांगलं धान्यही भिजेल, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

एका बुरुडणीची पाच मण ज्वारी अशाच एका पेवात होती. टोपल्या विणून विणून मिळवलेली. लेकरांचं वर्षभराचं पोट होतं ते. ती तडक दरबारात घुसली.

तिथं नुसता कल्ला! प्रधान ओरडत होता, "हमी संपवा! पेववाले सुस्तावलेत. त्यांच्या आळसासाठी भरलंय काय कोठार?"

सेनापती मांडी थोपटून म्हणाला, "कायमची द्या! नाहीतर उद्या एक पेव धड दिसायचं नाही."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना.

बुरुडणीचा पेववाला कोपऱ्यात उभा होता. तिनं त्यालाच गाठलं. "काय हो, तुमच्या घरची ज्वारी कुठंय?"

"घरी. कणगीत."

"पूर्वी आमच्याबरोबर पेवातच असायची की!"

"ते... हमीच्या आधी."

"आणि पेवाचं तोंड कधी लिंपलंत?"

पेववाला डोकं खाजवू लागला. "तेही हमीच्या आधीच, बाई."

दरबार खदाखदा हसला. बुरुडीण हसली नाही. "महाराज, हमी वाढवा. पण पेव नासलं तर आधी ह्यांची कणगी रिती होऊ द्या. मग तुमचं कोठार उघडा."

"अगं ए, माझी पोरं काय खातील?" पेववाला किंचाळला.

"माझी काय खातील, हे दोन वर्षांत कधी विचारलंत?"

राजा ताडकन उठला. "ठरलं! हमी एक वर्ष वाढली, ह्याच अटीवर. पिटा दवंडी!"

मग काय पळापळ! पेववाला पागोटं काखेत मारून धावत सुटला. दोन वर्षं मातीला हात न लावलेली माणसं चिखल तुडवायला लागली. बायको शेण आणतेय, म्हातारा बाप भेगा दाखवतोय, "अरे गाढवा, इथं! इथं लिंप!" ते पाहून लोकांच्या हातातल्या पहारी आपोआप खाली आल्या. पाऊस कोसळला तेव्हा शेवटची भेग बुजली होती.

उन्हं पडल्यावर पेव उघडलं. तळची दोन पायल्या ज्वारी काळी पडली होती. तेवढी पेववाल्यानं तोंड वाकडं करून कणगीतून भरून दिली. बुरुडणीला तिची पाच मण पुरती मिळाली. राजाच्या कोठाराचं कुलूप कुणी हलवलंसुद्धा नाही.

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याची ठेव राखणाऱ्याला आधार जरूर द्यावा, पण नुकसानीचा पहिला घास त्याच्याच ताटातून जावा.