वस्तादांनी सराव बंद केला

एकदा एका वस्तादांनी आपल्या सर्वांत बळकट पठ्ठ्याचा सराव ऐन जत्रेच्या तोंडावर बंद केला. कुस्तीतली माणसे ही गोष्ट ऐकून अजून कपाळाला हात लावतात. का बंद केला, ते सांगतो.

तालीम नदीकाठच्या गावात होती. पठ्ठ्याचे नाव सिद्राम. माघातल्या मोठ्या जत्रेत शेवटची कुस्ती त्याची ठरली होती. शेवटची म्हणजे सर्वांत मोठी. जिंकेल त्याला चांदीची गदा. त्या तालमीत अशी गदा कधी आली नव्हती. आणावी तर सिद्रामने, असे सारे गाव म्हणत होते.

समोर होता भीमगोंडा. हा पैलवान दरसाल नवा डाव घेऊन मैदानात उतरे. गेल्या साली तो सरळ पाय ओढी. या साली तो पाय धरायला वाकल्यासारखे करी. समोरच्याची नजर खाली गेली की मानेत हात घालून त्याला उताणा टाकी. त्या हंगामात या डावातून कोणी सुटला नव्हता.

वस्तादांनी त्यावर तोड काढली होती. मैनुद्दीन नावाचा उतरत्या वयाचा, हलक्या अंगाचा एक पैलवान होता. तो याच डावात चितपट झाला होता. त्याला त्यांनी सिद्रामसमोर उभा केला आणि सांगितले, "त्याचा डाव कर. जोर त्याचा आणू नको."

मैनुद्दीन म्हणाला, "आणायचा म्हटला तरी कुठनं आणू, वस्ताद?"

पहिल्या दिवशी त्या हलक्या माणसानेही सिद्रामला मातीत लोळवले. मान दुखली, रात्री ठणकली. मग हळूहळू अंग शिकले. हात मानेकडे यायच्या आत मान वळू लागली.

एवढ्यात ताप उठला.

आधी वरच्या अंगाच्या एका गावी, तिथली जत्रा झाल्यावर. घसा धरला, खोकला लागला, अंग मोडून आले. पुढची जत्रा खालच्या गावी होती. ती झाली आणि तिथेही घरोघर अंथरुणे पडली. मग नदीपलीकडे. लोक म्हणू लागले, यंदा हवाच वाईट.

वस्ताद म्हणाले, "हवेला जत्रेची तारीख कळती व्हय रे? ताप तुमच्याच टेम्पोत बसून हिंडतोय. पैलवान हिंडतात, हलगीवाले हिंडतात, खेळणीवाले हिंडतात. त्यांच्या खोकल्यासंगं तोही हिंडतो."

ते स्वतः तालुक्याला गेले आणि डॉक्टरीणबाईंना विचारून आले. या तापावर लस होती. अंगात मुरायला तिला पंधरवडा लागणार होता. माघातली जत्रा त्याहून लांब होती. परत येऊन त्यांनी हुकूम सोडला, तालमीतल्या प्रत्येकाने टोचून घ्यायचे.

सिद्राम म्हणाला, "मी न्हाई घेणार."

वस्तादांना असे कोणी म्हणत नसे.

"कशापायी?"

"दंड सुजला तर? कुस्ती तोंडावर आलीया. आन् ताप मला काय करतोय! आला तर मातीच्या हौद्यात उतरून जोर मारीन. घामासंगं निघून जाईल. ही काया बघा की. लस म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्या."

बाकीची पोरे माना हलवू लागली. ताप घामाने निघतो, हे तालमीत सगळेच मानत होते.

वस्ताद उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैनुद्दीन लंगोट कसून हौद्यात उतरला. वस्ताद काठावर उभे होते. म्हणाले, "मैनू, वर ये. घरी जा. आजपासनं सिद्रामचा सराव बंद."

सिद्रामला वाटले, ऐकण्यात चूक झाली.

"वस्ताद, थट्टा करताय व्हय?"

"मी कधी केली?"

"मग त्या डावाचं काय? पापणी लवायच्या आत तो मला उताणा टाकंल!"

"का टाकंल? काया बघ की तुझी."

सिद्रामचा तोल गेला. तो ओरडलाच. "काया काय करंल नुसती! डाव अंगाला ठाऊक नको? अंग पडल्याबिगर शिकत न्हाई. मग ते हितं मैनूचाच्याच्या हातनं पडावं का तिथं भर मैदानात, भीमगोंडाच्या हातनं?"

जोर मारणारी पोरे थांबून बघू लागली.

वस्ताद म्हणाले, "परत बोल."

सिद्रामने तोंड उघडले. "अंग पडल्याबिगर..." आणि तो थांबला. आपले बोलणे आता कुठे त्याच्या कानात शिरले.

मग वस्ताद बोलले. एवढे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते, पण त्या दिवशी बोलले.

"लस म्हंजे हा मैनुद्दीन. तापाचा डाव तिच्यापाशी हाय, तापाचा जोर न्हाई. दंड दुखंल, एखादा दिवस कणकण वाटंल. मैनूनं तुझी मान दुखवली नव्हती? आन् हा तापही भीमगोंडासारखाच. दरसाल डाव बदलतो. म्हणून गेल्या सालची लस यंदा पुरत न्हाई. टोचून घेतलं म्हंजे पडणारच न्हाईस, असं मी म्हणत न्हाई. सराव केलेला पैलवानही कधी पडतो. पण मान मोडून घेत न्हाई."

मैनुद्दीन मागून म्हणाला, "म्हंजे मी औषध हाय म्हणा! घरात कुणी मानत न्हाई."

पोरे हसली. वस्ताद हसले नाहीत.

"दुसरं. ताप तुला धरंल, तू उठशीलही. पण दूध प्यायला तू माझ्या घरी येतोस. तिथं माझ्या लेकीचं तान्हं हाय. एवढ्याशा जिवाला ही लस देत न्हाईत. त्याला कुठला सराव? त्याच्यापतूर तापाला नेऊन सोडणारा टेम्पो तूच. तू अडलास तर ताप तिथंच अडला. आन् तापात जोर मारायची भाषा पुन्हा काढू नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापल्या अंगानं जोर केला तर काळजावर बेततं. घामानं ताप जात न्हाई, लेका. पैलवान जातो."

त्याच सकाळी सारी तालीम दवाखान्याच्या ओट्यावर उभी होती. सिद्राम सर्वांच्या पुढे. सुई दिसली तशी त्याने मान फिरवून डोळे मिटले. नर्सबाई म्हणाली, "डोळे उघडा, पैलवान. कुस्ती सुटली." संध्याकाळी दंड जड होता. दोन दिवसांनी सराव पुन्हा सुरू झाला.

ताप गावात आला. तालमीतही दोघांना कणकण आली. वस्तादांनी त्यांना घरी अंथरुणात ठेवले, मातीला शिवू दिले नाही. दोघेही लवकर उठले.

आणि जत्रा उजाडली!

हलगी अशी कडकडत होती की छातीत घुमत होती. माणसे झाडांवर, छपरांवर, ट्रकच्या टपांवर. शेवटची कुस्ती पुकारली आणि मैदान उभे राहिले. सिद्रामने माती कपाळाला लावली. भीमगोंडाशी हात मिळवला. तो हात त्याला गरम वाटला, पण हलगीने विचार करू दिला नाही.

खडाखडी झाली, दोघांनी एकमेकांचे बळ अजमावले. भीमगोंडा वाकला. पाय, पाय, असे लोक ओरडले. सिद्रामची नजर खाली गेली नाही. मानेकडे हात आला, मान वळली, आणि तो निसटून भीमगोंडाच्या पाठीवर! मैदानाने आरोळी ठोकली. एक हिसका, आणि भीमगोंडा उताणा होऊ लागला. खांदे मातीला टेकणार, तोच त्याने डोके मातीत रोवून मानेची कमान केली आणि अडून राहिला.

आता फक्त दाबायचे होते.

सिद्रामने छाती टेकवली आणि त्याला चटका बसला. ते अंग तव्यासारखे तापले होते. श्वास शिटीसारखा वाजत होता. डोळे वर चालले होते. तरी तो गडी कमान सोडीना. त्याच्यामागेही एक गाव होते, एक तालीम होती.

"दाब! दाब की रे!"

सिद्रामने पकड सोडली.

तो उभा राहिला आणि हात वर करून ओरडला, "कुस्ती थांबवा! ह्याला ताप हाय! ह्याला उचला!"

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग शिव्या सुरू झाल्या. "नुरा! नुरा!" म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. कोणी चप्पल भिरकावली. पंच धावत आले. म्हणाले, "सोडलीस तर बरोबरीत लावीन. गदा मिळायची न्हाई. बघ अजून."

"लावा," सिद्राम म्हणाला.

भीमगोंडा मातीत पडल्या पडल्या पुटपुटत होता, "कालपासनं अंगात हाय. कुणाला बोललो न्हाई." चौघांनी त्याला उचलून दवाखान्याच्या गाडीत घातले. डॉक्टरांनी नंतर सांगितले, अजून थोडा वेळ झुंजला असता तर आमच्या हातात काही उरले नसते. महिन्याने तो हिंडू लागला.

पण हे नंतर कळले. त्या वेळी सिद्राम मैदानाबाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर लोकांच्या शिव्या होत्या आणि हात रिकामे होते. वस्ताद कडेच्या बाकावर बसले होते. तो त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. गदा आता कोणत्या साली येईल, सांगता येत नव्हते.

तालमीत पठ्ठ्या वस्तादांच्या बरोबरीने बसत नाही. पायाशी बसतो. सिद्राम खाली बसू लागला.

वस्ताद बाकावर सरकले. शेजारची जागा त्यांनी हाताने पुसली.

"हितं," ते म्हणाले.

थंडीच्या आधी दरसाल फ्लूची लस घ्यावी. धडधाकटांनीही.