येसूबाईच्या वाफ्यातला लव्हाळा

भाविकहो, अमृतनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा शेलवडीत, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. त्याच गावात येसूबाई रताळ्याच्या वेलांचे वाफे राखी. तिच्याकडचे वेल कापून नेऊनच अवघा गाव लागवड करी. तिचा नवरा हैबती दोन वर्षांपूर्वी वारला होता. थोरला दीर रंगराव शेजारीच राही. पण बांधावरून भावाभावांत अबोला आला आणि तो हैबतीच्या तिरडीपर्यंत टिकला.

त्या वर्षी येसूबाई वीस दिवस तापाने अंथरुणाला खिळली. वाफ्यांत लव्हाळा माजला, कोवळे वेल दिसेनासे झाले. लागवड तर चार दिवसांवर! ती कशीबशी वाफ्यात येऊन बसली. खुरपे धरवेना, म्हणून नाम घेत एकेक काडी उपटू लागली.

रंगराव बांधावरून हसला. "नामाने लव्हाळा मरतो होय? बोलाव तुझ्या महाराजांना खुरपायला!"

"माझं राहू द्या, भाऊजी. पण वेल गेले तर गाव लावणार काय?"

तो पाठ फिरवून निघून गेला. येसूबाई रडत देवळात आली. महाराज म्हणाले, "माय, सावलीत पड जरा. वाफ्याची काळजी त्याला आहे."

भर दुपारी शेजारच्या आपल्या शेतात राबताना रंगरावाने मान वर केली, तो येसूबाईच्या वाफ्यात कुणी खुरपत होते. खुरपे डाव्या हातात. लव्हाळ्याची गाठ खोलवरून काढायची, अंगठ्याने माती पुसायची, मगच बांधावर टाकायची. ही सवय एकाच माणसाची!

"हैबती!" रंगराव धावत सुटला. पोहोचला तेव्हा वाफे रिकामे होते. माती भुसभुशीत, वेल मोकळे, एकही तुटलेला नाही. बांधावर गाठींसकट लव्हाळ्याचा ढीग. केवढी ही कृपा!

तो तसाच देवळात गेला. "महाराज, कोण होता तो?"

"रंगराव, ज्याने यायचं तो आला नाही," महाराज हळूच म्हणाले, "म्हणून देवाला यावं लागलं. तू ओळखशील असं रूप घेतलं त्याने."

रंगराव पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि खांबाशी बसलेल्या येसूबाईकडे बोट दाखवले.

थोरल्या दिराने धाकट्या भावजयीपुढे डोके टेकले. "चुकलो, पोरी. एकदा तरी हाक मारायला हवी होती मी त्याला."

येसूबाईने पदर डोळ्यांना लावला. "शेवटच्या दिवशीसुद्धा ते दाराकडंच बघत होते, भाऊजी."

रंगरावाने डोके वर उचलले नाही.