‘आधी’ची मुलगी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक गिरणीवाला राहत होता. त्याला दहा वर्षांची मुलगी होती, केतकी. मुलगी हुशार, पण बोलताना अडखळायची. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा ‘क’ तिच्या घशातच अडकून बसायचा. वर्गातली मुलं जरा वेळ वाट बघायची आणि मग कुणीतरी तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचं. मुलांच्या हसण्यापेक्षा केतकीला याचंच जास्त वाईट वाटायचं.

शाळेतल्या बाई मात्र तिचं वाक्य कधी पुरं करत नसत. अशा मुलांना कसं शिकवायचं, ते शहरात जाऊन त्या विचारून आल्या होत्या. शाळा सुटली की त्या केतकीला जवळ बसवून सावकाश वाचायला लावत. श्वास घ्यायचा, शब्द हलकेच सोडायचा, अडकला तर थांबायचं. सहा महिन्यांत केतकी एक अख्खा धडा वाचू लागली. अडखळत, पण अख्खा.

त्याच सुमाराला तिला वडिलांच्या मोबाइलवर एक गोष्टीवाला दादा सापडला. तो व्हिडिओत राक्षसांच्या, राजकन्यांच्या गोष्टी सांगायचा आणि सरळ डोळ्यांत बघून बोलायचा. एके दिवशी तो म्हणाला, “लहानपणी मीसुद्धा अडखळायचो. सगळे हसायचे. घरच्यांनाही कळायचं नाही मला काय होतं ते. तुलाही असंच होतं ना? मला माहीत आहे.”

केतकीच्या अंगावर काटा आला. घरच्यांनाही कळत नाही, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग ती रोज त्याच्या गोष्टी बघू लागली. काही दिवसांनी दादाच्या टेबलावर एक पिवळी डबी दिसू लागली. नंतर गोष्ट सांगता सांगता तो तिच्यातली एक गोळी तोंडात टाकू लागला. गोळी खाल्ली की गोष्टीतला मुका राजपुत्रही बोलायला लागायचा. शेवटी एकदा दादा हळू आवाजात म्हणाला, “या बोलक्या गोळ्यांनीच मी बरा झालो. आज संध्याकाळपर्यंतच मिळतील. ज्याला खरंच बरं व्हायचंय, तो थांबणार नाही.”

केतकीने बाईंना व्हिडिओ दाखवला. बाईंनी तो पूर्ण बघितला आणि विचारलं, “केतकी, हा गोष्ट सांगतोय की गोळ्या विकतोय?”

“तो... तो पण अड... अडखळायचा.”

“असं तो म्हणतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाच बरं.”

तिथे ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं. केतकीने ते वाचलं, पण तिला ते वाचायचं नव्हतं. आपण बरं झालेलं बाईंना नकोच आहे, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती बाईंकडे वाचायला थांबेनाशी झाली. आईकडे मात्र तिने इतका हट्ट धरला, दोन दिवस जेवली नाही, की आईने डबी मागवली. दादाने सांगितलेली संध्याकाळ कधीच उलटली होती, तरी डबी मिळाली.

गोळ्या नुसत्या गोड होत्या. डबीत एक चिठ्ठी होती: ‘अकराव्या दिवशी आपलं नाव, गाव आणि एक कविता म्हणून दादाला व्हिडिओ पाठवा. दादा स्वतः ऐकेल.’

अकराव्या दिवशी केतकी आपल्याला नक्की बोलता येणार अशा खात्रीने शाळेच्या भिंतीपुढे उभी राहिली. आईने मोबाइल धरला. “के... के... के...” नाव काही निघेना. खात्री होती म्हणून ती अधिकच घाबरली. कवितेची पहिली ओळही पुरी झाली नाही. डोळ्यांत पाणी आलं, मान झटके खाऊ लागली. आई म्हणाली, “राहू दे, नको पाठवूस.” पण केतकीला वाटलं, दादाला तरी कळेल. तिने व्हिडिओ पाठवला.

दादाचं काही उत्तर आलं नाही. ती रोज मोबाइल उघडून बघायची.

महिन्याभराने वर्गातल्या एका मुलीने तिला बोलावलं. “केतकी, तू आहेस यात.”

दादाचा नवा व्हिडिओ होता. त्यात केतकीचा रडवेला चेहरा होता आणि वर मोठ्या अक्षरात ‘आधी’. मग ‘नंतर’. त्यात तसाच शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी पाठमोरी उभी राहून तीच कविता घडाघडा म्हणत होती. खाली हजारो लोकांनी हात जोडले होते. कुणीतरी लिहिलं होतं, ‘बिचारीचं आयुष्य सुधारलं.’

केतकी घरी गेली आणि पडून राहिली. वडिलांनी व्हिडिओखालचा नंबर लावला, तो कुणी उचलेना. बाईंनी तक्रार केली. व्हिडिओ एका ठिकाणाहून गेला आणि दुसऱ्या चार ठिकाणी दिसू लागला. केतकीने बोलणंच सोडलं. पाणी हवं असलं तरी ती बोटाने दाखवायची.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी नदीपलीकडच्या गावातला एक माणूस गिरणीपाशी आला. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा होता. मुलाच्या मुठीत तीच पिवळी डबी होती.

“व्हिडिओत शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव दिसलं, म्हणून विचारत विचारत आलो,” तो माणूस म्हणाला. “तुमची मुलगी बरी झाली ना? याच्या तीन डब्या झाल्या, फरक नाही. अजून किती लागतील, तेवढं तिला विचारायचं होतं.”

आईने दाराकडे पाहिलं. दाराआड केतकी उभी आहे, हे तिला ठाऊक होतं. “ती घरी नाही,” आई म्हणाली. मुलीची पुन्हा शोभा व्हावी, असं तिला वाटत नव्हतं.

केतकी तशीच उभी राहिली असती, तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तिने फटीतून त्या मुलाकडे पाहिलं. तो ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी घोकत होता. तिला भेटल्यावर म्हणायचं वाक्य असावं.

ती बाहेर आली. “मी... मी... के... के...”

माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याला उत्तर मिळालं होतं. तरी केतकी थांबली नाही. “मी ब... बरी नाही झाले. ती दु... दुसरी मुलगी आहे. मला त्यांनी वि... विचारलंसुद्धा नाही.”

मुलगा वर बघून म्हणाला, “म... म्हणजे तू पण?”

“हो,” केतकी म्हणाली.

तो माणूस गिरणीच्या पायरीवर बसला. मग केतकीने त्या मुलाला बाईंच्या शाळेची वाट दाखवली आणि स्वतःही त्याच्यासोबत गेली. तिला पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. पूर्वी सुटणारे शब्दही आता अडकत होते.

आणि तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. कुठल्या तरी गावात, कुठलं तरी मूल केतकीचा रडवेला चेहरा बघून आईकडे डबीसाठी हट्ट धरत असेल. त्या प्रत्येकाच्या दारात केतकी जाऊ शकत नाही.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: व्हिडिओतला अनोळखी माणूस तुमच्या मनातलं दुःख बोलून दाखवू लागला आणि घाई करायला लावू लागला, की आधी विचारा, हा मला काय विकतो आहे? आणि तुमच्यासाठी थांबणाऱ्या माणसाला त्याच्यासाठी सोडू नका.