बहाव्याची झारी

घरोघरी नळ आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. वत्सलाबाईंच्या परसात एक बहावा होता. आठ वर्षांत तो पानांनी गच्च भरला, पण एकदाही फुलला नाही. वत्सलाबाई रोज सकाळी विहिरीवर झारी भरत आणि त्याच्या बुंध्याशी रिकामी करत.

"आता तरी फूल," झारी त्याला म्हणायची. "पाणी शेंदून बाईंची कंबर गेली."

"थोडे दिवस मला कोरडं राहू दे," बहावा म्हणायचा. "मुळाशी पाणी असलं की मला पानंच सुचतात."

झारीला हा कृतघ्नपणा वाटायचा.

एका फाल्गुनात वत्सलाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेल्या. घर बंद झालं आणि झारी विहिरीपाशी उपडी पडून राहिली. चैत्रात बहाव्याची पानं गळाली.

"बघ, एका महिन्यात वाळलास," झारी म्हणाली.

वैशाखात त्याच्या उघड्या फांद्यांवरून पिवळेधमक घोस लोंबू लागले. झारीला आठ वर्षांचं आपलं बोलणं आठवलं आणि बहाव्याचं म्हणणं पटलं.

महिनाअखेरीस वत्सलाबाई परतल्या. परसदारी येऊन त्या बघतच राहिल्या.

"आठ वर्षं पाणी घातलं, त्याचं चीज झालं हो," त्यांनी शेजारणीला सांगितलं आणि पदर खोचून झारी उचलली.

झारी नको नको म्हणत होती, पण तिची भाषा बाईंना कळत नव्हती. बुंध्याशी पाणी पडलं, आणि बहाव्याला पुन्हा पानं सुचू लागली.